शुंड समितीवरच्या बाई

अठ्ठावीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवून ओटिलिया क्रिझमानिच निवृत्त झाली, आणि सहा महिन्यांच्या आत सरकारनं तिला चावट मासिकं वाचायच्या कामाला लावलं.

बाहत्तर सालच्या शरदातली गोष्ट. झाग्रेबच्या प्रत्येक पेपरवाल्याच्या टपरीवर तेव्हा उघड्यानागड्या मासिकांचं पेव फुटलं होतं. सरकारला ती बंद करायची नव्हती. बंदी घातली की लोक दुप्पट वाचतात, एवढी अक्कल सरकारला होती. म्हणून कर बसवला. जे छापलेलं निव्वळ केरकचरा, ज्याला तिथं सगळे ‘शुंड’ म्हणत, त्यावर जबर कर, म्हणजे किंमत वाढेल आणि खप आपोआप बसेल. आता कचरा कुठला आणि वाङ्मय कुठलं, हे कोणीतरी ठरवायला हवं. त्यासाठी पाच जणांची समिती नेमली, आणि भाषेची जाणकार म्हणून ओटिलियाचं नाव कोणीतरी सुचवलं.

महिन्याच्या मधोमध एक शिपाई सुतळीनं बांधलेला गठ्ठा दारात आणून ठेवी. त्यात दहाबारा मासिकं, पाचसहा बारक्या कादंबऱ्या. प्रत्येकासोबत एक छापील तक्ता. चित्रं एकूण किती, उघडी किती, त्यांतली मजकुराला धरून किती. भाषा शुद्ध की अशुद्ध. वाचकाच्या ज्ञानात भर पडते काय. शेवटी तीन चौकोन: ‘मूल्य आहे’, ‘मूल्य नाही पण अपाय नाही’ आणि ‘शुंड’. एकात फुली मारायची. नियम एकच होता आणि तो ठळक अक्षरांत छापलेला होता: सदस्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व मजकूर वाचला पाहिजे.

बाकीचे सदस्य तो कितपत पाळत देव जाणे. ओटिलिया पाळायची. ती जेवणाच्या टेबलाशी बसे, चष्मा लावी आणि लाल पेन्सिल घेऊन पान एकपासून सुरुवात करी. जाहिराती, कोडी, छापखान्याचा पत्ता, काही सोडायची नाही. आणि सवयीनं चुका दुरुस्त करायची. झाडाखाली पहुडलेल्या बाईच्या मांडीवर ‘इथे स्वल्पविराम नको’ असा शेरा असलेला अंक एकदा समितीत हातोहात फिरला आणि बैठक दहा मिनिटं थांबवावी लागली.

पहिल्याच गठ्ठ्यात भाजीपाल्याचं एक मासिक आलं होतं. आत टोमॅटोवरची कीड, कांद्याची साठवण, असलं सगळं. पण मुखपृष्ठावर एक मुलगी केवळ एक भोपळा घेऊन उभी होती. ओटिलियाचा नवरा ब्लाझ स्वयंपाकघरात कॉफी उकळत होता. तो येऊन मागे उभा राहिला.

“हे कशात घालणार तू?”

“चित्र एक. उघडं एक. मजकुराला धरून आहे की नाही, ते ठरवायचंय.”

“भोपळ्यावर लेख आहे?”

तिनं अनुक्रमणिका पाहिली. “आहे. पान बारा.”

“मग बाई मजकुराला धरून आहे,” असं म्हणून ब्लाझ तो अंक घेऊनच गेला, आणि मग स्वयंपाकघरातून ओरडून सांगायला लागला, “टिल्का, आपल्या टोमॅटोची पानं का वळत होती माहितीये का?”

ब्लाझ पियानो जुळवायचा. शाळा, संगीतवर्ग, जुन्या मोठ्या घरांतले दिवाणखाने, असा त्याचा शहरभर राबता असे. तारेचा सूर केसभर सरकलेला त्याला दुसऱ्या खोलीतून कळे. पण लिहायला बसला की हाच माणूस बहिरा. त्यांच्या भाषेत ‘च’ दोन, एक कडक, एक मऊ. कागदावर दोघांच्या डोक्यावरच्या खुणा वेगळ्या. ब्लाझला त्यांतला फरक कधी उमगलाच नाही. लग्नाआधी त्यानं लिहिलेली पत्रं ओटिलियानं दुरुस्त करून परत पाठवली होती, आणि तरी त्यानं लग्न केलं, हे ती दोघं पाहुण्यांना नेहमी सांगत.

त्या हिवाळ्यात गठ्ठ्यातलं जे जे तिचं वाचून व्हायचं ते ब्लाझ वाचायचा. काउबॉयच्या कादंबऱ्या वाचून हसायचा, प्रेमकथा अर्ध्यात टाकायचा. ‘कुपिना’ नावाचं एक मासिक मात्र तो नीट वाचू लागला. कुपिना म्हणजे ब्लॅकबेरी; नाव रानफळाचं, आत सगळं दुसरंच पिकलेलं. चौसष्ट पानांतली निम्मी तरी उघड्या बायकांची. पण मागच्या बाजूला दोन पानांचं एक सदर होतं, वाचकांच्या प्रश्नांना डॉक्टर सोमिच यांची उत्तरं.

“हा डॉक्टर शहाणा आहे गं,” ब्लाझ एकदा म्हणाला.

“असेल. मग असल्या ठिकाणी कशाला लिहितो मरायला?”

“लोक जिथं वाचतात तिथं लिहितो. शहाणा आहे म्हटलं ना.”

तिनं खांदे उडवले. डिसेंबरच्या आणि जानेवारीच्या अंकावर तिनं मधल्या चौकोनात फुली मारली. भाषा सुमार, अपाय नाही.

त्या घरात ज्याबद्दल बोलणं होत नव्हतं ते असं, की एकाहत्तरच्या ऑक्टोबरात ओटिलियाचं ऑपरेशन झालं होतं. डावा स्तन काढला. गाठ वेळेत सापडली, डॉक्टर खूश होते, शाळेनं मुदतीआधी निवृत्ती दिली. शेजारच्या बाईनं ओळखीच्या ओळखीतून माहिती काढून तिला राळ्याचे बारीक दाणे भरलेली एक कापडी पुरचुंडी शिवून दिली. ती पोलक्याच्या आत बसे, वजनालाही बरोबर असे. ट्रॅममध्ये कोणाला संशय आला नसता. तिनं निजायची जागा तेवढी बदलली. खांदा दुखतो, पलंगावर कूस वळता येत नाही, असं सांगून ती पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर निजू लागली. ब्लाझ ‘बरं’ म्हणाला. तो चांगला माणूस होता. काही विचारलं नाही, कधी आग्रह केला नाही. आणि त्याच्या न विचारण्याचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावून टाकला होता. आता बघण्यासारखं राहिलंय काय, असा तो अर्थ होता.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी ब्लाझ सकाळीच एका संगीतशाळेत गेला होता. तिथं सात पियानो होते, म्हणजे दिवसभराचं काम. ओटिलियानं कुपिनाचा नवा अंक पुढ्यात ओढला. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती आणि एवढा एकच अंक उरला होता. उघडी चित्रं मोजली, एकोणचाळीस. मोटारसायकलवर बसलेल्या एका बाईच्या वर्णनात चार चुका काढल्या. मग पान अठ्ठेचाळीस, डॉक्टर सोमिच. पहिलं पत्र कुणा सैनिकाचं होतं, दुसरं नव्या नवरीचं. तिसरं जरा लांब होतं.

‘डॉक्टरसाहेब, मी पंचावन्न वर्षांचा आहे. माझ्या बायकोचं दीड वर्षापूर्वी छातीचं ऑपरेशन झालं. आता ती बरी आहे. सगळे म्हणतात तुम्ही नशीबवान, आणि आम्ही आहोतच.’

त्यांच्या भाषेतल्या ‘नशीब’ या शब्दात चुकीचा च. तिनं लाल गोल केला. वाचत गेली.

‘पण त्या दिवसापासून तिनं मला तिच्याकडे पाहू दिलेलं नाही. ती पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपते. सोफा तिला वीतभर आखूड पडतो. आमच्या न्हाणीघराला कधी कडी नव्हती. इस्पितळातून आली त्या आठवड्यात ती म्हणाली, कडी बसव. मी बसवली. चार स्क्रू. डॉक्टर, मी माझ्या हातानं केलेलं सगळ्यात वाईट काम ते.’

पेन्सिल चुकीच्या तिसऱ्या ‘च’वर टेकली होती. ती तिथंच राहिली.

‘तिला वाटतं मला तिची कीव येते. मला कीव येत नाही. मला तिची आठवण येते. ती घरातच असते, समोर बसून वाचत असते, आणि मला तिची आठवण येते. तिला न दुखवता हे कसं सांगू? बोलायला गेलो की ती उठून दूध बघायला जाते. — एक वाचक, झाग्रेब.’

खाली डॉक्टरचं उत्तर होतं. ‘मित्रा, जखम नीट भरली असेल तर शरीराच्या बाजूनं तुम्हाला कशाचीच मनाई नाही. त्या जागेला हात लावल्यानं काही बिघडत नाही. हे नवऱ्यांना कोणी सांगत नाही, आणि बायकांनाही. काही भाग बधिर असेल, काही पूर्वीपेक्षा हळवा असेल. कुठे काय, ते तिलाच ठाऊक. कदाचित तिलाही अजून ठाऊक नसेल. बाकी प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. मला लिहिलंत ते तिला सांगा.’

ओटिलिया उठली. न्हाणीघरापाशी गेली आणि त्या कडीकडे बघत राहिली. चार स्क्रू. मग ती परत येऊन बसली आणि तिला जो संताप आला तो तिचा तिलाच आवरेना. लाखभर लोक वाचतात हे मासिक! न्हाव्याच्या दुकानात पडलेलं असतं, बरॅकींत फिरतं. आपल्या घराची न्हाणी यानं मोटारसायकलवरच्या बयेच्या शेजारी नेऊन मांडली! नाव नव्हतं, गाव मोठं होतं, कोणाला काही कळणार नव्हतं, हे तिला कळत होतं; तरी गाल भाजत होते. पंधरा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की आपण अंक छातीशी धरून बसलो आहोत, डाव्या बाजूला.

ब्लाझ चार वाजता आला. हात धुतले, सूप प्यायला, संगीतशाळेतल्या पियानोंना नावं ठेवली. “एकात तर उंदरानं बिऱ्हाड केलंय गं. लोकरीचं. काढवेना मला.” ती ऐकत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत होता. कुपिना सगळ्यांत वर होता, वाचून झालेल्यांत.

“झालं वाचून?” त्यानं विचारलं.

“झालं.”

“काय मग? शुंड?”

“उद्या ठरेल,” ती म्हणाली आणि दूध बघायला गेली. चुलीवर दूध नव्हतंच.

समितीची बैठक सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरे. अध्यक्ष कॉम्रेड लोव्रेक, साठीचे, टापटिपीचे, खिशात पोटाच्या गोळ्या. त्यांच्या उजवीकडे फाबियानाबाई, ग्रंथपाल, ज्यांच्या मते युद्धानंतर छापलेलं जवळजवळ सगळंच शुंड होतं. मानसशास्त्राचे प्राध्यापक हुस. आणि छापखाना कामगारांचा प्रतिनिधी श्टेफ, खिळे जुळवणारा, जो यंत्रं चालू राहावीत म्हणून कधीच शुंड म्हणत नसे. श्टेफची मुलगी ओटिलियाच्या वर्गात होती, त्यामुळे तो तिला ‘बाई’ म्हणे.

साधारण असं चाले, की फाबियानाबाई आणि लोव्रेक एका बाजूला, हुस आणि श्टेफ दुसऱ्या, आणि पारडं ओटिलियाच्या हातात.

कुपिनाचा नंबर आला. लोव्रेक यांनी तक्ता काढला. “उघडी चित्रं एकोणचाळीस. मागच्या अंकापेक्षा सहा जास्त. कॉम्रेड फाबियाना?”

“शुंड. विचारताय काय?”

“प्राध्यापक?”

“अपाय नाही,” हुस जांभई दाबत म्हणाले.

“मी प्राध्यापकांबरोबर,” श्टेफ म्हणाला. “कागद मात्र फार हलका वापरलाय. शाई पलीकडून दिसते.”

“तुम्हाला पलीकडचं दिसतं, आम्हाला अलीकडचंच पुरे झालंय,” फाबियानाबाई पुटपुटल्या.

“कॉम्रेड ओटिलिया?”

ओटिलियानं तक्ता पालथा ठेवला. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं, तरी आवाज बारीक आला. “मला या अंकावर मत देता येणार नाही. नियमात आहे. प्रकाशनाशी संबंध असेल तर सदस्यानं बाजूला व्हावं.”

“तुमचा? कुपिनाशी?” श्टेफनं डोळे मोठे केले. “बाई, तुम्ही मोटारसायकलवर...”

“श्टेफ!” लोव्रेक म्हणाले.

“एका मजकुराच्या लेखकाला मी ओळखते,” ओटिलिया म्हणाली. “मत देता येत नाही, पण नियमात बोलायला बंदी नाही. मी एक उतारा वाचून दाखवते.”

आणि तिनं वाचला. वर्गात वाचायची तसाच, प्रत्येक विरामावर थांबून, चुकीचे च बरोबर करून. ‘चार स्क्रू’पाशी अठ्ठावीस वर्षांची सवय उपयोगी पडली. डॉक्टरचं उत्तरही वाचलं. अंक मिटून ठेवला.

फाबियानाबाईंनी चष्मा काढून रुमालानं पुसला. तो स्वच्छच होता.

“माझ्या बहिणीचं झालं होतं हे ऑपरेशन,” अखेर हुस म्हणाले. “मी मानसशास्त्र शिकवतो. मी तिला एकदाही विचारलं नाही.”

“मला एवढंच म्हणायचं आहे,” ओटिलिया म्हणाली, “आपल्या तक्त्यात विचारलंय, वाचकाच्या ज्ञानात भर पडते काय. पडते. मला इस्पितळात कोणी सांगितलं नव्हतं ते या दोन पानांत आहे.”

‘मला’ हा शब्द तिच्या तोंडून निसटला. तो खोलीत सगळ्यांना ऐकू आला आणि सगळ्यांनी तो ऐकलाच नाही असं दाखवलं. श्टेफ तर खिडकीबाहेरच बघायला लागला, कान लाल करून.

लोव्रेक यांनी गोळी तोंडात टाकली. “कॉम्रेड ओटिलिया, पानं चौसष्ट. त्यांतली दोन अशी. आपल्याला अख्खा अंक तोलायचा असतो. दोन पानांसाठी बासष्ट सोडता येत नाहीत. मला येत असती तर...” ते थांबले. “माझी बायको गेली त्याला बारा वर्षं झाली. तिचंही छातीतच होतं. तेव्हा असं छापून येत नव्हतं कुठं. आलं असतं तर मी वाचलं असतं का, तेही सांगता येत नाही.”

मतं दोन-दोन पडली. अशा वेळी अध्यक्षांचं मत दुहेरी धरत. त्यांनी शुंडच्या चौकोनात फुली मारली, सही केली, आणि सहीवर टीपकागद गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरला. ओटिलियाचं एक मत पडतं तर कुपिना सुटला असता. हे तिला ठाऊक होतं, बाकीच्यांनाही.

जिन्यात फाबियानाबाईंनी तिला गाठलं. ग्रंथपाल बाई सहसा कोणाशी सलगी करत नसत. त्यांनी ओटिलियाचा कोट उगाच खांद्यावर सारखा केला. “मी माझं मत बदलणार नाही हं,” त्या म्हणाल्या. “घाण ती घाणच. पण त्या माणसाला म्हणावं, पत्र चांगलं आहे.”

ओटिलिया घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मार्चचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं. ब्लाझ खुर्चीत बसून एक जुना हातोडा चामड्यानं मढवत होता, पियानोच्या आतला, अंगठ्याएवढा. तिनं कोट काढला नाही. तशीच समोर उभी राहिली.

“शुंड ठरला.”

“अरेरे,” तो म्हणाला आणि हातोडा खाली ठेवला.

“मी मत दिलं नाही. लेखकाला ओळखते म्हणून सांगितलं.”

ब्लाझच्या मानेवर हळूहळू लाली चढली. “कशावरून ओळखलंस?”

“नशिबातला च.”

“परत चुकला?”

“तीनदा.” तिला हसू आणि रडू एकदम आलं, आणि दोन्ही थोपवायला ती ओरडली. “तुला लाज नाही वाटली? लाख लोकांना सांगितलंस! मी इथं समोर बसलेली असते रोज, या टेबलाशी, तू मला सांगायचं सोडून...”

“तुलाच सांगितलं.”

“मला?”

“टिल्का, त्या गठ्ठ्यातलं तू सगळं वाचतेस. छापखान्याचा पत्तासुद्धा. मी काही बोलायला लागलो की उठून जातेस. पण ते अर्ध्यात टाकून तू उठणार नाहीस, हे मला माहीत होतं. नियमच आहे तुमचा.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. “जानेवारीत पाठवलं. छापतील असं वाटलं नव्हतं. मग रोज वाटायचं, नकोच छापायला.”

ओटिलिया खुर्चीत बसली, कोटासकट. बाहेर कोणीतरी गालिचा बडवत होतं. दहाबारा फटके झाले.

“मला वाटलं, तुला बघवत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तू विचारत नाहीस.”

“तू कडी बसव म्हणालीस. मी विचारणार कसा?”

“मी कडी बसव म्हटलं, कारण तू विचारलं नाहीस.”

ब्लाझ म्हणाला, “म्हणजे दीड वर्ष...”

“हो,” ती म्हणाली. “दोघं स्वतःला शिकलेली म्हणवतो.”

मग तिनं कोट काढला. कोट, त्याखालचं लोकरी जाकीट, मग पोलक्याची बटणं. बटणं काढताना ती मध्येच थांबून म्हणाली, “पडदा लावू?” तो म्हणाला, “नको. समोर पोस्टाची भिंत आहे.” तिनं राळ्याची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली, हातोड्याशेजारी.

व्रण काखेपासून बरगडीच्या मध्यापर्यंत तिरका गेला होता. सुरुवातीला लाल होता तो आता फिका, चकचकीत, एका टोकाला जरा चुणलेला. ओटिलियानं स्वतःही तो आरशात धड पाहिला नव्हता. न्हाणीघरातला आरसा ती वाफेनं धुरकट होऊ द्यायची. आता तिनं ब्लाझच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कीव शोधली. त्याचे डोळे भरले होते, पण कीव नव्हती. दूरच्या गावाहून आलेलं माणूस फाटकात ओळखावं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

“हात लावू?”

“लाव. डॉक्टरची परवानगी आहे.”

त्याची बोटं गार होती. तिनं ती आधी आपल्या तळहातांत धरून ऊन केली. मग त्यानं व्रणाच्या वरच्या टोकाला बोट टेकवलं.

“दुखतं?”

“नाही. इथं काहीच कळत नाही. जणू दुसऱ्या कोणाला लावतोयस.”

“इथं?”

“इथंही नाही.”

“इथं?”

ती दचकली. “इथं कळतं. फार कळतं.” आणि मग, तिलाच नवल वाटलं अशा आवाजात, “काढू नकोस हात.”

गालिचा बडवणं केव्हाच थांबलं होतं. त्या दुपारी ब्लाझला एका वकिलाकडे पियानो जुळवायला जायचं होतं. वकिलीणबाईंनी संध्याकाळी फोन केला, तेव्हा ओटिलियानं तो घेतला आणि आपल्या स्वच्छ, व्याकरणशुद्ध भाषेत सांगितलं की ते आज येऊ शकत नाहीत, घरी अत्यंत महत्त्वाचं काम निघालं आहे. पलंगावरून ब्लाझ इतका मोठ्यानं हसला की पलीकडे ऐकू गेलं असणार.

कुपिनाचं पुढे असं झालं, की किंमत जवळजवळ दीडपट झाली आणि खप थोडा बसला. मालकांनी काटछाट केली. पण चाळीस बायकांतली एकही कमी केली नाही. डॉक्टर सोमिचचं सदर काढलं. मे महिन्याच्या अंकात पान अठ्ठेचाळीसवर टायरची जाहिरात होती. ओटिलियाला ते फार लागलं. तिनं समितीला दोन पानी अर्ज लिहिला, की तक्त्यात वैद्यकीय सल्ल्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, आणि तेवढी पानं करातून वगळावीत. श्टेफनं आणि हुस यांनी सह्या केल्या. तिसरी सही, कोणाला अपेक्षा नव्हती, ती फाबियानाबाईंची. अर्ज वरच्या कचेरीत गेला, तिथून आणखी वरच्या, आणि तिथंच राहिला. तिनं डॉक्टरलाही मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. त्याचं तीन ओळींचं उत्तर आलं: आता एका बायकांच्या मासिकात लिहितो, तिथं कपडे शिवण्याचे नमुने जास्त आहेत आणि प्रश्न थोडे, पण प्रश्न तेच आहेत.

जुलैत ती दोघं आठवडाभर समुद्रावर गेली. शिक्षक संघटनेच्या विश्रामगृहात, जिथं लग्न झाल्यापासून जात आणि मागच्या वर्षी गेली नव्हती. शेजारणीनं पोहण्याच्या पोशाखाला आतून खिसा शिवून दिला होता. राळे पाण्यात फुगतील म्हणून त्यात स्पंज भरला.

सकाळी आठला किनारा रिकामा होता. ओटिलिया खडकावरून उतरली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत गेली, थांबली. ब्लाझला पोहता येत नव्हतं. तो पॅन्ट दुमडून, तिच्या चपला हातात धरून, पोटऱ्यांइतक्या पाण्यात उभा होता.

“गार आहे?”

“मरणाचं गार.”

“मग ये परत.”

“ये काय परत! पंधरा तास गाडीत बसून आले ती परत यायला?”

आणि तिनं पाण्यात अंग टाकलं. डावा हात आधी अडखळला, पूर्वीसारखा वर उचलेना. मग तिनं त्याला त्याच्या मापानं चालू दिलं, उजव्यानं लांब, डाव्यानं आखूड, जरा तिरकी तिरकी पुढं गेली. स्पंज पाणी पिऊन जड झाला, तेव्हा तिनं पाण्याखाली खिशात हात घालून तो उपसला आणि किनाऱ्याकडे फेकला. तो ब्लाझच्या अलीकडे पडला आणि तरंगायला लागला.

“टिल्का, काय पडलं हे तुझं?”

“धर ते!” ती ओरडली. “आणि तिथंच उभा राहा, मी त्या तिथं तरंगणाऱ्या लाल तरांड्याला वळसा घालून येते.”

ब्लाझनं एका हातात चपला, एका हातात ठिबकणारा स्पंज धरला. विश्रामगृहाच्या गच्चीवर लोक नाश्त्याला यायला लागले होते. तो कमरेपर्यंत पाण्यात शिरला, पॅन्ट भिजली तरी शिरला, आणि तरांड्याशी पोचलेल्या तिच्या डोक्याकडे बघत उभा राहिला.